शिंगातला दुसरा घोट

१

रविवारी पहाटे पाच वाजता चिपाको बेटावर एव्हारिस्टो काबासो मेला. आदल्या दिवशी दुपारी तो धडधाकट होता. संग्रहालयाच्या अंगणात त्याने आजोबांचं शिकारीचं शिंग फुंकलं होतं आणि त्याचा आवाज पाण्यापलीकडच्या वेतांपर्यंत गेला होता. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. रात्रभर पोटात पीळ पडत राहिले. उजाडायच्या आत सगळं संपलं.

सात वाजता त्याच्या बायकोच्या घरावर पहिला दगड पडला. छप्पर गवताचं, त्यामुळे आवाज झाला नाही. दुसरा दगड दारातल्या रिकाम्या मडक्यावर बसला. त्याच मडक्यात तिने संग्रहालयातल्या समारंभासाठी नाचणीची बिअर गाळली होती.

किनाऱ्यावरच्या साम्फ्या गावाहून पोलिसांची मोटरबोट पोचायला दुपार झाली. बोटीतून उपनिरीक्षक मुटिंटा हामूंगा उतरली, सोबत एकच शिपाई. ती दक्षिणेची, गाईगुरांच्या मुलखातली. आमची भाषा बोलायची, पण शब्द सावकाश टाकायची, पाण्यात पाऊल टाकावं तसे. तोवर त्या घराच्या अंगणात तीनेकशे माणसं जमली होती. दगड खाली ठेवलेले होते, पण हाताच्या अंतरावर.

मृताची बहीण पुढे आली. तिने आवाज चढवला नाही.

"उद्या सकाळी माती द्यायची आहे," ती म्हणाली. "त्याआधी ही बाई घेऊन जा. नाहीतर आम्हाला दोन खड्डे खणावे लागतील."

२

विधवेचं नाव इनेस. तिला त्या नावाने कोणी हाक मारत नाही. मुलगी चोंबा, म्हणून आई ना-चोंबा आणि बाप शी-चोंबा. डोक्यावरून फडकं ओढून ती जमिनीवर बसली होती. मुटिंटाने तिला बोटीत बसायला सांगितलं. ती हलली नाही.

"मातीआधी गेले तर मीच केलं असं ठरेल," ती म्हणाली. "मग चोंबाला या बेटावर पाय ठेवता येणार नाही. इथेच बसते. काय व्हायचं ते इथे होऊ दे."

मुटिंटाने शिपायाला दारात उभं केलं आणि चौकशी सुरू केली.

ना-चोंबाने सांगितलं ते सरळ होतं. बिअर तिची. एकाच मडक्यातून सगळे प्याले, आपल्याकडे पितात तसे, वेताच्या नळ्यांनी. उरलेला गाळ कोंबड्यांना घातला. कोंबड्या अंगणात माणसांच्या पायांतून फिरत होत्या, एकही मेलेली नव्हती. एक गोष्ट मात्र तिने स्वतःहून सांगितली. रात्री नवऱ्याच्या श्वासाला लसणीचा वास येत होता. "आमच्या घरात लसूण नाही. मी कधी आणलेली नाही."

नणंदेनेही हाच वास सांगितला होता, पण पुरावा म्हणून. लसूण मिळते साम्फ्याच्या दुकानात, आणि गेल्या महिन्यात साम्फ्याला कोण गेलं होतं? ही.

मुटिंटाने वही मिटली. तिच्या लहानपणी गुरांना गोचीड मारायच्या औषधी पाण्यातून पोहवत नेत. एकदा एक गाय ते पाणी प्यायली. मरताना तिच्या तोंडाला असाच वास येत होता. त्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असायचा. पण चिपाकोवर गाय नाही, गोचिडाचं औषध नाही. या बेटावर सोमल आला कुठून, हे मुटिंटाला कळेना. तिने ते कोणाला बोलूनही दाखवलं नाही.

मग फिडेलिस आला. फिडेलिस म्पुंडू, मृताचा भाचा. किटवेला, खाणीच्या गावात लहानाचा मोठा झालेला, दोन वर्षांपूर्वी बेटावर परतलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खालचा आवाज. शनिवारी प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती मंडळीचा तो पुढारी. लोकांच्या हातातले दगड खाली ठेवायला लावले तेही त्यानेच.

"मामीने केलं असेल किंवा नसेल, ते कायदा ठरवेल," तो म्हणाला. "मी एवढंच सांगतो, मॅडम. मामा मासेमारीचा बांध चोंबाला द्यायचं म्हणत होते. बांध बहिणीच्या मुलाकडे जातो. आमच्याकडे पोटच्या पोरीला कोणी बांध देत नाही. हे मामीच्या डोक्यातलं. मामांचं मन बदलायच्या आत तिला उरकायचं असेल."

"बांध तुझ्याकडे यायचा होता?"

"आमच्याकडे. मी काही बोललो नाही त्यावर."

"मामा काल कशातून प्याले?"

"सगळ्यांसारखंच. मडक्यातून."

तो गेला. त्याच्या बोलण्याला दोन धारा होत्या आणि एकच त्याने पुढे केली होती, असं मुटिंटाला वाटलं. पण वाटणं कोर्टात चालत नाही.

मृताच्या दारात लॅक्सन न्ताम्बो पाय पसरून उकडलेलं रताळं खात होता. एव्हारिस्टो माशाच्या कुळाचा, लॅक्सन मगरीच्या. या दोन कुळांचं नातं थट्टेचं. माशाच्या घरी मरण आलं की खड्डा मगरीने खणायचा, प्रेत मगरीने उचलायचं, मेलेल्याला शिव्याही मगरीनेच द्यायच्या. घरातली हवी ती वस्तू उचलून न्यायची. रडणाऱ्याने रागवायचं नाही. रागावला तर दंड.

"हामूंगा म्हणजे गाईवाली ना तू?" लॅक्सन म्हणाला. "गाईच्या मागे चालून चालून तुम्हा लोकांना सगळी जमीन सपाट वाटते. इथे जपून चाल. मासा मेलाय, मगरीला सुट्टी आहे, पण भूक तीच."

मुटिंटाने विचारलं, बिअर कोण कोण प्यालं.

"सगळ्यात जास्त मी. मडक्यात विष असतं तर आधी मगर उताणी पडली असती. पाहुण्यांची बोट दिसली तशी सगळी गर्दी धक्क्याकडे पळाली. मी आलो तेव्हा संग्रहालयाच्या अंगणात तिघेच होते. तो, त्याची बायको आणि त्याचा तो इस्त्रीचा भाचा. मडकं आधीच उघडलेलं." तो रताळ्याचं साल काढू लागला. "पण त्या वेळी एव्हारिस्टो नळीने प्याला नाही."

"मग कशाने?"

"ते उद्या. खड्ड्याच्या काठावर. मेलेल्याची थट्टा मातीआधी सांगितली तर ती सांगणाऱ्यावर उलटते."

मुटिंटाने दटावलं, कायद्याची भीती घातली. लॅक्सनने रताळ्याचा अर्धा तुकडा तिच्यापुढे केला आणि दुसरं काहीच दिलं नाही.

३

चिपाकोचं संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि पत्र्याचं छप्पर. अधीक्षक वेबस्टर झिम्बा राजधानी लुसाकाहून आलेला, सडपातळ, सारखा हात पुसणारा. ऐंशी वर्षांपूर्वी बेटावरून गेलेल्या चौदा वस्तू परदेशातल्या एका संग्रहालयाने परत केल्या होत्या. एव्हारिस्टोच्या आजोबांचं शिंग त्यांतलंच. त्यांच्यासाठीच शनिवारचा समारंभ होता.

वस्तू टेबलांवर मांडल्या होत्या. पाणघोड्याचा भाला, ज्याचं पातं जनावरात रुतलं की दांड्यापासून सुटतं आणि दोर हातात राहतो. लेचवे हरणांच्या हाकाऱ्याचे लांब भाले. शिकारी कुत्र्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा. पाणमांजराचं जाळं. मासे पकडायच्या वेताच्या टोपल्या, आत जाता येतं, बाहेर येता येत नाही अशा. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती, बारीक इंग्रजी अक्षरांची.

सगळ्यात मोठ्या टोपलीला दोन चिठ्ठ्या होत्या.

मुटिंटाने दुसरी चिठ्ठी उलटवली. तिच्यावर टोपलीचा क्रमांक नव्हता. शिंगाचा होता. खाली लिहिलं होतं: किडीसाठी सोमल लावलेला आहे. हातमोज्यांशिवाय हाताळू नये. तोंडाला लावू नये.

तिने चिठ्ठी वेबस्टरसमोर धरली. तो खुर्चीत बसला.

त्याने सगळं सांगितलं. जुन्या काळी परदेशातली संग्रहालयं अशा वस्तूंना कीड लागू नये म्हणून सोमल चोपडत. शिंगाच्या पोकळीत तर तो थापलेलाच होता, वाळलेल्या पांढऱ्या थरासारखा. फोटोपुरतं शिंग हातात द्यायचं ठरलं होतं. त्याने एव्हारिस्टोला पांढरे हातमोजे दिले. एव्हारिस्टो ते घालून सगळ्यांना विचारत फिरला, मी साहेब दिसतो का. मग पाहुण्यांची बोट आली आणि वेबस्टर धक्क्यावर गेला. तिथे असताना त्याने शिंगाचा आवाज ऐकला.

"धावत यायला हवं होतं," तो म्हणाला. "मी टाळ्या वाजवल्या, मॅडम. ऐंशी वर्षांनी वाजलं ते. धक्क्यावर म्हाताऱ्या बायका रडत होत्या. मी पण टाळ्या वाजवल्या."

नंतर एव्हारिस्टो शिंग गळ्यात घालून घरी गेला. पाहुण्यांसमोर मागून घेणं वेबस्टरला बरं दिसेना. चिठ्ठी कधी सुटली ते त्याला ठाऊक नव्हतं.

"तो मेला हे कळल्यावर तुला काय वाटलं?"

"हेच. पण ओठाला लागलं एवढ्याने माणूस मरत नाही, असं स्वतःला सांगत राहिलो."

"आणि त्या बाईच्या छपरावर दगड पडत होते."

वेबस्टरने हात पुसले.

त्याचं एक म्हणणं खरं होतं. ओठ टेकवून फुंकण्याने रात्रीत माणूस मरत नाही. त्याला पोटभर सोमल गेलेला असायला हवा. तो कसा गेला, हे मुटिंटाला अजून सांगता येत नव्हतं.

शिंग आणायला शिपायाला पाठवलं. तो हात हलवत परत आला. एव्हारिस्टोच्या भिंतीवर खुंटी होती, खुंटीवर काही नव्हतं. तीनशे माणसांच्या बेटावर ते शिंग आता कोणाच्या तरी हातात होतं.

४

सोमवारी सकाळी प्रेत उचललं. मगरीच्या कुळाचे चौघे खांदेकरी वाटेत दोनदा मुद्दाम अडखळले आणि म्हणाले, हा मासा जिवंतपणी चोरून खाऊन जड झालाय. बायका रडता रडता हसल्या. ना-चोंबाला नणंदांनी मध्ये घेतलं होतं. तिच्या दंडावर दोघींची बोटं रुतलेली दिसत होती. खड्ड्यापाशी कोणीतरी एक जास्तीचं फावडं आणून ठेवलं होतं, ते का, हे विचारायचं कारण नव्हतं.

मग झाडामागून लॅक्सन आला. अंगात मेलेल्याचा कोट, हातात पांढरे मोजे, गळ्यात सिटाटुंगा हरणाचं पिळाचं शिंग.

त्याने एव्हारिस्टोची नक्कल सुरू केली. तीच वाकडी मान, तेच खाकरणं. "मी साहेब दिसतो का? दिसतो? मग मला खुर्ची द्या, उभ्याने मरायचं नाही मला." लोक पोट धरून हसले. मृताची बहीणसुद्धा हसली आणि फडक्याने डोळे पुसू लागली.

लॅक्सनने शिंग फुंकलं. फुस्स. "कोरडं पडलंय," तो एव्हारिस्टोच्या आवाजात म्हणाला. "परदेशात कोणी प्यायला घातलं नाही बिचाऱ्याला." त्याने टोकाजवळच्या भोकावर अंगठा दाबला, शिंगाचं रुंद तोंड वर केलं आणि भोपळ्यातली बिअर आत ओतली. खरी बिअर. मग तो खाली बसला आणि शिंग मांडीत धरून गप्पा मारू लागला. मुरायला वेळ लागतो. सुकलेलं शिंग भिजल्याशिवाय बोलत नाही, हे आमच्या शिकाऱ्यांच्या घरातलं पोरही जाणतं. गाईंच्या मुलखात ते कोणी जाणत नाही.

सोमल पोटात कसा गेला ते मुटिंटाला आता कळलं. आमच्याकडे शिंग भिजवलेली बिअर फेकत नाहीत. पहिला घोट शिंग फुंकणाऱ्याचा, दुसरा त्याच्या वारसाचा.

लॅक्सन उठला. पहिला मोठा घोट प्याल्याचं सोंग केलं, शिंग ओठांपासून बोटभर दूर धरून. मग त्याने ते हवेत पुढे केलं, समोर कोणी उभं असल्यासारखं, आणि उडी मारून स्वतःच समोरचा झाला. ताठ मान, तोंडावर हात. "नको मामा. माझी मंडळी बिअर पीत नाही."

हशा उसळला. लॅक्सनने खऱ्या फिडेलिसकडे तोंड वळवलं.

"शुक्रवारी माझ्या घरी तुझी मंडळी मडक्याच्या कुठल्या बाजूला बसली होती रे? आणि शनिवार तर तुमच्या देवाचा. शनिवारी तू समारंभाला आलास तेव्हा देवाला काय सांगून आलास, दात दुखतोय?"

फिडेलिस हसला. थट्टेवर हसावंच लागतं.

"बरं, भाचा पीत नाही तर मगर पिते," लॅक्सन म्हणाला, आणि या वेळी त्याने शिंग खरंच तोंडाला लावायला उचललं.

"नको," वेबस्टर ओरडला. गर्दी ढकलत तो पुढे आला आणि त्याने शिंगावर हात मारला. बिअर खड्ड्याच्या काठावरच्या मातीत सांडली.

सगळ्यांनी वेबस्टरकडे पाहिलं. थट्टा अडवणं हा अपराध. मुटिंटाने मात्र शिंगाकडेही पाहिलं नव्हतं आणि वेबस्टरकडेही. ती फिडेलिसकडे बघत होती. लॅक्सनने शिंग उचललं तेव्हा तो अर्धं पाऊल मागे सरकला होता. तोंड उघडलं नव्हतं.

५

शिंग पिशवीत बंद झालं. सांडलेल्या बिअरची ओली मातीही मुटिंटाने डब्यात भरून घेतली. लोकांना तिने एवढंच सांगितलं की विष मडक्यात नव्हतं, शिंगात होतं, आणि ते परदेशातून आलं. लोकांनी ऐकून घेतलं. मृताची बहीण म्हणाली, "शिंगात कोणी घातलं? बाईच्या हाताला शिंगाचं भोक लहान नसतं." दगड होते तिथेच राहिले.

दुपारी संग्रहालयात मुटिंटाने वेबस्टरला दोऱ्याचा तुकडा दिला आणि टोपलीला बांधायला सांगितला. त्याने बुटाची बांधतात तशी गाठ मारली. टोपलीवरच्या दुसऱ्या चिठ्ठीची गाठ वेगळी होती. घट्ट, चपटी, एकदा आवळली की न सरकणारी. जाळं विणणाऱ्याची गाठ.

"तू धक्क्यावर असताना इथे तिघे होते," ती म्हणाली. "बायको शिकारीच्या शिंगाला हात लावत नाही, ते बघतसुद्धा नाही. फिडेलिस खाणीच्या गावात वाढला, त्याला जाळं विणता येत नाही. लोक त्यावरून त्याला हसतात. राहिला एव्हारिस्टो. चिठ्ठी त्याने स्वतःच सोडली आणि स्वतःच इथे बांधली."

"त्याला वाचता येत नव्हतं," वेबस्टर म्हणाला. "फुंकताना लोंबत असेल, म्हणून काढली."

"लोंबणारी चिठ्ठी माणूस तोडून टाकतो. याने गाठ सोडवली, मोजे काढले असतील त्यासाठी, आणि हरवू नये म्हणून जपून बांधली. न वाचता येणाऱ्याला कागद जपावासा का वाटला? त्यावर काय आहे ते कोणीतरी त्याला सांगितलं म्हणून. त्या अंगणात वाचता येणारं एकच माणूस होतं."

वेबस्टरने विचारलं, काय सांगितलं असेल. हे फक्त तिसऱ्या माणसाला माहीत असू शकत होतं.

ना-चोंबा त्याच जागी, त्याच फडक्याखाली बसली होती. मुटिंटाने प्रश्न विचारला. ती पायाचा अंगठा जमिनीवर घासू लागली.

"मी पाठ फिरवली होती. कान नव्हते फिरवले," ती म्हणाली. "यांनी विचारलं, 'बाळा, काय लिहिलंय?' फिडेलिसने वाचलं. मनातल्या मनात, थोडा वेळ लागला त्याला. मग म्हणाला, 'मामा, शिंग ज्याच्याकडून नेलं त्याचं नाव आहे. तुमच्या आजोबांचं.' यांनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, 'त्या लोकांनी नाव जपलं म्हणजे. मग हे फेकायला नको.'"

"हे तू काल का नाही सांगितलंस?"

"काल मला काय माहीत, त्यावर दुसरं काही लिहिलं होतं ते."

बाहेर कोणीतरी खाकरलं. दारात फिडेलिस उभा होता. तो किती वेळ उभा होता ते शिपायाला सांगता आलं नाही.

६

त्याने काही नाकारलं नाही, काही कबूलही केलं नाही. अक्षरं बारीक होती, तो म्हणाला, चष्मा घरी होता. मामांना वाईट वाटू नये म्हणून बरं वाटेल असं बोललो. यात गुन्हा कुठला?

"तू म्हणालास मामा मडक्यातून प्याले."

"शिंगाबद्दल बाहेरच्याला सांगत नाहीत, मॅडम. लॅक्सननेही कुठे सांगितलं तुम्हाला?"

"वेबस्टर ओरडला. तू का नाही ओरडलास?"

"मला कुठे माहीत होतं शिंगात काय आहे."

"मग मागे का सरलास?"

"मगरीची थट्टा अंगावर येते. मागे सरावंच लागतं." तो हसला नाही. "आणि तुमच्याकडे आहे कोण? जिच्यावर नवऱ्याला मारल्याचा आळ आहे ती बाई म्हणते, मी असं म्हणालो. अजून कोणी?"

अजून कोणी नव्हतं. मुटिंटाने ना-चोंबाचा जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला आणि संध्याकाळच्या बोटीने शिंग साम्फ्याला नेलं. ना-चोंबाला ती दुसऱ्यांदा सोबत चल म्हणाली. ना-चोंबा दुसऱ्यांदा नाही म्हणाली. नवऱ्याचं मरण अंगावरून उतरलं नव्हतं. ते उतरवल्याशिवाय बेट सोडणाऱ्या बाईला दुसऱ्या कुठल्या गावात कोणी पाणीही देत नाही. आणि ते उतरवायचं नवऱ्याच्या वारसानेच.

वारसाची निवड आठवड्याने झाली. आमच्याकडे वारस मेलेल्याची जागा घेतो म्हणजे नावासकट घेतो. फिडेलिसला चटईवर बसवलं, हातात मामाचा भाला दिला आणि थोरांनी त्याला नवं नाव सांगितलं: एव्हारिस्टो काबासो. त्या दिवसापासून बेटावर त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. साम्फ्याच्या पोलीस चौकीतल्या कागदांत आता मेलेला आणि संशयित यांचं नाव एकच आहे. कारकुनाने ते दोनदा चूक समजून खोडलं होतं.

त्याच दुपारी सगळ्यांसमोर तो ना-चोंबापुढे गुडघ्यावर बसला आणि त्याने तिच्या मनगटात पांढऱ्या मण्यांचा सर बांधला. मामी, तू मोकळी आहेस, म्हणाला. दगड उचलून आणलेल्यांनीच ते गोळा करून पाण्यात टाकले. म्हणजे खुनाच्या आळातून तिला त्यानेच सोडवलं, आणि त्याच्याशिवाय तिला सोडवणारं कोणी नव्हतंही.

दोन दिवसांनी मुटिंटा परत गेली तेव्हा ना-चोंबा मासे वाळत घालत होती. आपण काही ऐकलं नव्हतं, ती म्हणाली. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. अंगठा कशावर दिला तेही आठवत नाही.

"तुला कोणी काही सांगितलंय?"

"मला या बेटावर राहायचंय, मॅडम. चोंबाला पण राहायचंय." तिने मणी बोटाने फिरवले. "तुम्ही बोटीने येता नि बोटीने जाता."

लुसाकाहून अहवाल आला. शिंगात सोमल, सांडलेल्या बिअरच्या मातीत सोमल, मृताच्या उलटी लागलेल्या चटईत सोमल. वेबस्टर झिम्बाला निलंबित केलं. सरकारी वकिलांनी कागद बघितले आणि विचारलं, बाईचा मागे घेतलेला जबाब सोडला तर यात काय उरतं? एक गाठ, एक नाकारलेला घोट, अर्धं पाऊल मागे. प्रकरण बंद केलं नाही, पुढेही नेलं नाही.

एप्रिलनंतर पाणी उतरू लागलं तसा नव्या एव्हारिस्टोने बांध एका व्यापाऱ्याला चालवायला दिला. चोंबा नवऱ्यासह चिपाको सोडून मन्सा शहरात गेली. बेटावर ना-चोंबा एकटी राहिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लॅक्सन साम्फ्याच्या चौकीत आला. त्याने मुटिंटाला गाईवाली म्हटलं नाही. ना-चोंबाचा निरोप आहे, म्हणाला. पोरगी आता मन्साला आहे, त्यांचा हात तिथे पोचत नाही. ती दंडाधिकाऱ्यासमोर बोलेल. बुधवारी येते.

बुधवारी सकाळी धक्क्यावर मुटिंटा स्वतः उभी होती. दंडाधिकारी आपल्या खोलीत वाट बघत होते. दहाच्या सुमाराला लॅक्सनची नाव लागली. तो एकटाच होता.

"ती कुठे आहे?"

"मागच्या नावेत. मी म्हटलं माझ्यासोबत चल. पण वारस म्हणाला, मगरीच्या नावेत विधवा शोभत नाही, बाजाराला मी चाललोच आहे, मी सोडतो."

"तिने त्याला सांगितलं होतं कशाला येतेय ते?"

लॅक्सन वल्ह्याचं पाणी निथळवत राहिला. "बेटावर काय सांगावं लागतं?" तो म्हणाला.

चिपाको ते साम्फ्या वल्ह्याची नाव पहाटे निघाली तर दुपारच्या आत पोचते. वारा नव्हता. दुपार झाली, बाजाराच्या नावा लागल्या आणि रिकाम्या होऊन परत गेल्या. दोन वाजता मुटिंटाने मोटरबोट सोडली आणि वेतांमधल्या वाटा एकेक करून बघायला सांगितल्या.

मोटरबोट अंधार पडायच्या आत परत आली. चिपाकोच्या धक्क्यावर लोकांनी सांगितलं होतं की नाव पहाटे निघाली, तिच्यात दोघं होती. पुढे वाटेत ती कोणालाही दिसलेली नाही.